लंडनच्या जुन्या चांदमाऱ्या : मेफेअर ते बिस्ली

मंगळवार : मेफेअर, मग व्हाइटचॅपल

व्हिक्टोरिया राणीच्या काळात जगातल्या सगळ्यात महागड्या बंदुका लंडनच्या मेफेअर भागात विकल्या जात. गिऱ्हाईक बग्गीतून उतरायचं, अक्रोडाच्या लाकडाचा पोत बघायचं, नक्षी पसंत करायचं आणि काही महिन्यांनी चामडी पेटीतली जोडी घेऊन जायचं. पण चांगली बंदूक दुकानात बसून पुरी होत नाही. ती झाडून बघावी लागते, पुन्हा कारखान्यात न्यावी लागते, पुन्हा झाडावी लागते. मेफेअरच्या गल्लीत बार काढायची सोय कुठून असणार? म्हणून या नामांकित घरांना शहराबाहेर मोकळं रान लागायचं. दुकानांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, रानांबद्दल फार थोडं. माझ्या मते बंदुकीची खरी पारख रानातच झाली. कॉलेजात एनसीसीच्या चांदमारीवर पालथं पडून पहिली गोळी झाडली, तेव्हापासून मला या विषयाचा नाद आहे. ताई वेम्बलीला राहते, म्हणून मुक्काम तिच्याकडे ठेवला आणि ही रानं एकेक करून बघायची ठरवली.

सुरुवात डेव्हिस स्ट्रीटपासून केली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे जोसेफ मँटन होता. इंग्लंडची नाजूक, हलकी, तोलदार बंदूक त्याने घडवली. त्याच्या गॅलरीत कवी बायरन नेमबाजीच्या सरावाला येत असे. मँटन पुढे कर्जात बुडाला, पण त्याच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी सगळा धंदा उचलून धरला. त्यातलाच एक जेम्स पर्डी. १८१४ साली त्याने स्वतःचं दुकान काढलं आणि १८२६ मध्ये तो ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मँटनच्याच जुन्या जागेत गेला. त्याच्या मुलाने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ ऑडली स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ऑडली हाउस बांधलं. ती इमारत आजही उभी आहे. दुसऱ्या महायुद्धात शेजारी बॉम्ब पडला, त्याचे टवके दर्शनी खांबांवर तसेच ठेवले आहेत. मी खांबाला हात लावून पाहिला. बोटाचं पेर आत जाईल एवढी खोल भोकं आहेत.

आपल्याकडच्या वाचकाला पर्डीचं एक गिऱ्हाईक ओळखीचं असेल : महाराजा दुलीपसिंग. पंजाबचं राज्य गेल्यावर इंग्लंडात वाढलेला हा राजपुत्र तिथल्या अव्वल नेमबाजांत गणला जाई. एल्व्हडनच्या आपल्या जमिनीवर १८७६ च्या सप्टेंबरात त्याने एका दिवसात १००० काडतुसांत ७८० तित्तर पाडले. आकडा वाचून जीव कळवळतो. पण एवढे बार सलग झेलणारी आणि बिघडल्याशिवाय चालणारी बंदूक बनवणं म्हणजे काय, याचाही अंदाज त्यातून येतो.

दुपारी मेट्रो धरून पूर्वेला व्हाइटचॅपलला गेलो. कमर्शियल रोडवर गनमेकर्स कंपनीचं प्रूफ हाउस आहे. या संस्थेला १६३७ साली सनद मिळाली, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिचं काम याच जागी चालू आहे. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती इथे झाडतात. टिकली तर मुकुटाखाली गुंफलेली जी आणि पी ही अक्षरं नळीवर ठोकतात, फाटली तर भंगार. आत जायची परवानगी नसते. बाहेरून साधी विटांची इमारत दिसते, समोरून बस जातात, शेजारी कपड्यांची घाऊक दुकानं. नळी फुटणार नाही याची हमी इथे मिळते. ती नेम धरेल की नाही, हे मात्र रानातच कळायचं.

बुधवार : बॅटरसी आणि विम्बल्डन

सकाळी बॅटरसी पार्कात गेलो. आज जिथे लोक धावायला येतात, तिथे नदीकाठी रेड हाउस नावाची खानावळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधली कबुतरांवरची सगळ्यात मोठी नेमबाजी इथे चाले. पेटीतून जिवंत कबुतर सोडायचं आणि ते कुंपणाबाहेर जायच्या आत पाडायचं. पैजा मोठ्या लागत. होरेशियो रॉस हा स्कॉटिश जमीनदार तिथला नामांकित खेळाडू. १८५८ साली बॅटरसी पार्क सुरू झालं, त्याआधीच सरकारने ती जागा घेऊन खेळ बंद केला होता. उत्तरेकडे हॉर्न्सी वुड हाउसचीही तीच गत झाली. १८६९ साली त्यावर फिन्सबरी पार्क आलं. हर्लिंगहॅम क्लब त्याच वर्षी निघाला तोच मुळी कबुतरबाजीसाठी. १९०५ मध्ये तिथे ती थांबली आणि १९२१ च्या कायद्याने देशभर बंदी आली. हा खेळ गेला ते बरंच झालं, यात मला तिळमात्र शंका नाही. तरी बंदूकवाल्यांच्या दृष्टीने ही कुंपणं म्हणजे पहिली उघडी परीक्षा होती. कुणाची बंदूक किती कबुतरं पाडते, हे शेकडो लोकांसमोर दिसायचं.

परीक्षेला शिस्त आणली ती जे. एच. वॉल्श या माणसाने. पेशाने शल्यवैद्य, आणि १८५७ पासून ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचा संपादक. बंदूक फुटून त्याच्या डाव्या हाताचा काही भाग गेला होता. त्यामुळे ‘अमक्याची बंदूक चांगली, तमक्याची वाईट’ अशा ऐकीव गोष्टींवर त्याचा विश्वास नसावा, असं मला वाटतं. त्या काळात ठासणीची बंदूक आणि मागून काडतूस घालायची नवी बंदूक यांच्यात मोठा वाद पेटला होता. वॉल्शने १८५८ साली चेल्सीच्या क्रिमोर्न गार्डन्समध्ये आणि पुढच्या वर्षी हॉर्न्सी वुडला दोन्ही प्रकार लोकांसमोर झाडून घेतले, कागदावरची भोकं मोजली आणि आकडे छापले. १८७५ च्या चाचण्यांत बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने तोंडाशी किंचित आवळलेल्या, म्हणजे छर्रे कमी फाकू देणाऱ्या नळीने बाजी मारली, आणि लंडनच्या बड्या घरांना ती पद्धत उचलावीच लागली. त्याआधी १८६६ मध्येच न्यूकासलच्या पेपने अशा नळीचं पेटंट घेतलं होतं. पण आकडे छापून येईपर्यंत मेफेअर हललं नाही. याच वॉल्शने ऑल इंग्लंड क्रोके क्लब काढण्यात पुढाकार घेतला, ज्याच्या हिरवळीवर पुढे विम्बल्डनचं टेनिस सुरू झालं. टेनिस बघणाऱ्या करोडो लोकांना हे नाव माहीत नाही, याची मला खंत वाटते.

तिथून विम्बल्डन कॉमनवर गेलो. स्टेशनपासून चढ चढून गेलं की १८१७ सालची पवनचक्की दिसते. १८५९ साली फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनच्या स्वारीची भीती पसरली, गावोगाव स्वयंसेवक पलटणी उभ्या राहिल्या आणि त्यांना नेम शिकवायला नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली. त्यांच्या हातात एनफिल्ड रायफल होती. दोन वर्षांपूर्वी हिंदुस्थानात जिच्या काडतुसावरून वणवा पेटला, तीच ही रायफल. २ जुलै १८६० रोजी याच माळावर राणीने पहिली गोळी झाडली. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थची षट्कोनी नळीची रायफल लोखंडी चौकटीत घट्ट बसवली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून दोन इंचांच्या आत लागली. राणीचं कौतुक झालं. व्हिटवर्थचं त्याहून जास्त व्हायला हवं होतं, कारण चौकट लावून ठेवणाऱ्याने आधी किती गोळ्या झाडून नेम जुळवला असेल! त्या वर्षीचं २५० पौंडांचं राणीचं बक्षीस जिंकलं एडवर्ड रॉस या तरुणाने. बॅटरसीच्या होरेशियो रॉसचा हा मुलगा. बाप कबुतरांच्या कुंपणात गाजला, मुलगा लांब पल्ल्याच्या रायफलीत. एका पिढीत खेळ केवढा बदलला, ते या दोघांवरून दिसतं.

पुढची जवळजवळ तीस वर्षं दर जुलैत या माळावर तंबूंचं गाव वसायचं. रायफलवाले कारखानदार इथे आपापली नवी बनावट घेऊन यायचे. इथे जिंकलेलं बक्षीस म्हणजे वर्षभराची जाहिरात. मग शहर वाढत गेलं, माळाच्या कडेने बंगले आले, आणि रायफलींचा पल्लाही वाढला. १८८८ मध्ये सैन्यात ली-मेटफर्ड रायफल आली. चुकलेली गोळी कुठे जाईल, या प्रश्नाला विम्बल्डनपाशी उत्तर उरलं नाही. लगतच्या जमिनीचा मालक म्हणजे खुद्द सरसेनापती ड्यूक ऑफ केंब्रिज. त्यानेच विरोध केल्यावर असोसिएशनला मुक्काम हलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आज तिथे बर्चची झाडं, घोड्यांच्या वाटा आणि गोल्फचं मैदान आहे. संध्याकाळपर्यंत फिरलो. चक्कीपाशी चहा चांगला मिळतो.

गुरुवार : केन्सल राइज आणि स्टोनब्रिज

या दिवसासाठीच खरं तर सगळा खटाटोप होता. हॅरिस हॉलंड हा मूळचा तंबाखूचा व्यापारी. १८३५ पासून तो बंदुकांच्या धंद्यात उतरला. पुतण्या हेन्री आधी उमेदवार, मग भागीदार झाला आणि १८७६ पासून ‘हॉलंड अँड हॉलंड’ ही पाटी न्यू बाँड स्ट्रीटवर झळकू लागली. त्यांचं रान वायव्येला केन्सल राइजला होतं. हे सगळे वायव्येलाच का गेले, याचं उत्तर जमिनीत आहे. मिडलसेक्सचा तो पट्टा चिकट, जड मातीचा. धान्य जेमतेम, गवत मात्र भरपूर. लंडनमधल्या हजारो घोड्यांचं वाळकं गवत इथूनच जायचं. म्हणजे मैलोन्मैल मोकळी कुरणं, वस्ती विरळ, आणि शहराच्या पश्चिम भागातून रेल्वेने थोड्याच वेळात पोहोचता येणारी. मेफेअरचं गिऱ्हाईक सकाळी येऊन बंदूक झाडून जेवणाच्या वेळेला क्लबात परत जाऊ शकत होतं.

केन्सल राइज स्टेशनबाहेर पडलो तर समोर लाल विटांच्या घरांच्या रांगा, तुर्की न्हाव्याचं दुकान, एक पोलिश किराणा, शाळा सुटल्याचा गलका. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजच्या मालकीची पुष्कळ जमीन या भागात होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती तुकड्यातुकड्यांनी घरबांधणीला गेली. रानाची एकही खूण नाही. कुठे पाटी नाही, फलक नाही. मेफेअरमध्ये दर चार घरांमागे कुणी ना कुणी राहून गेल्याची निळी तबकडी दिसते. इथे ज्यांनी रायफलींचा नेम जुळवला, त्यांच्यासाठी काही नाही. हे मला मनापासून खटकलं.

कारण तिथे काय चालायचं ते जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. शिकारीच्या दुनळी रायफलीत दोन नळ्या शेजारी असतात. समांतर जोडल्या म्हणजे गोळ्याही शेजारी शेजारी लागतील, असं वाटेल. तसं होत नाही. उजवी नळी झाडली की धक्क्याने रायफल उजवीकडे वर उसळते, डावी झाडली की डावीकडे. गोळी नळीबाहेर पडायच्या आतच ही उसळी सुरू झालेली असते. म्हणून नळ्या तोंडाकडे किंचित जवळ आणतात, मधे पाचर घालतात आणि डाख देऊन पक्क्या करतात. किती जवळ, हे कागदावर मांडून सुटत नाही. रायफलीचं वजन, दारूचं माप, गोळीचं वजन, सगळ्यावर ते अवलंबून. मग कारागीर रानात जातो, उजवी झाडतो, डावी झाडतो, निशाण आणून बघतो. गोळ्या फाकल्या तर तोंडाशी डाख तापवून वितळवायचा, पाचर केसभर हलवायची, थंड होऊ द्यायचं, पुन्हा झाडायचं. गोळ्या एकमेकींवरून आरपार गेल्या तर उलट दिशेने. एकेका रायफलीला हे कितीदा करावं लागेल याचा नेम नसे. मोठ्या बोरची, म्हणजे रुंद नळीची रायफल असेल तर प्रत्येक बार खांद्यावर हातोडा बसल्यासारखा. थंडीत, चिखलात, पावसात हे काम करणाऱ्या माणसाचं नाव बंदुकीवर कधीच कोरलं गेलं नाही.

१८८३ साली ‘द फील्ड’ने रायफलींच्या चाचण्या जाहीर केल्या. कावळ्यासारखे पक्षी मारायच्या लहान रूक रायफलपासून हत्ती मारायच्या, तोफेसारख्या चार-बोर रायफलीपर्यंत दहा वर्ग होते. हॉलंडने दहाही जिंकले. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्या रायफलींच्या नळ्यांवर ‘लंडनच्या सर्व फील्ड चाचण्यांचे विजेते’ या अर्थाची ओळ कोरलेली असे. ही ओळ मिळवून दिली ती केन्सल राइजच्या चिखलाने, असं मी म्हणेन.

या यशाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थानात होतं. मेळघाटात, चांद्याच्या जंगलात, मध्य प्रांतात वाघामागे जाणारे साहेब आणि संस्थानिक याच रायफली मागवत. १८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा मुंबईत निघाली. काळा घोड्यापाशी ती इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. तिथल्या सामानात इंग्लिश बंदुका आणि काडतुसंही असत. कलकत्त्यात मँटन घराण्याच्या नावाचं दुकान तर त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. हॉलंडची ‘पॅराडॉक्स’ बंदूकही हिंदुस्थानच्या अनुभवातून आलेली. तिचा कर्ता कर्नल जॉर्ज फॉस्बरी बंगालच्या फौजेतला. १८६३ च्या अंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. नळी बहुतेक सगळी गुळगुळीत, फक्त तोंडाच्या काही इंचांत गोळीला फिरकी देणारे आटे पाडलेले. त्यामुळे त्याच बंदुकीतून तित्तरावर छर्रेही सुटत आणि पन्नासेक यार्डांवर अस्वलाला गोळीही लागे. हिंदुस्थानच्या झाडीत समोर काय येईल याचा भरवसा नसतो, हे जाणणाऱ्या माणसाचीच ही कल्पना.

शतकाच्या शेवटी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि नवी अडचण उभी राहिली. कॉर्डाइट उष्णतेत जास्त जोराने जळतं. लंडनच्या गारठ्यात जुळवलेली रायफल वैशाखात विदर्भात झाडली की नळीतला दाब वाढायचा, गोळ्यांचा मेळ बिघडायचा, प्रसंगी रिकामं काडतूस आतच अडकायचं. समोर जखमी वाघ आणि काडतूस निघत नाही, याची कल्पनाच केलेली बरी. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारू भरलेली वेगळी काडतुसं निघाली आणि त्यांच्यावर वेगळा नेम जुळवायची पद्धत पडली. इतक्या लांबच्या उन्हाचा विचार या गारठलेल्या कुरणात बसून करत, याचं मला फार नवल वाटतं.

तिथून हॅरो रोडने चालत निघालो. १८९० च्या दशकात हॉलंडने बांधलेला कारखाना या रस्त्यावर अजून आहे. मग रेल्वेने स्टोनब्रिज पार्कला. चार्ल्स लँकेस्टर या पेढीचं खासगी रान या बाजूला होतं. पेढी चालवायचा हेन्री थॉर्न, पण सगळे त्याला लँकेस्टरच म्हणत. १८८७ साली राणीच्या सुवर्णमहोत्सवात बफेलो बिलचा तमाशा अर्ल्स कोर्टला आला. त्यातली ॲनी ओकली अमेरिकेत अजिंक्य. इथली चपळ कबुतरं मात्र तिला सुरुवातीला चकवू लागली. तिच्या बंदुका साडेसात पौंड वजनाच्या आसपास, तिच्या बांध्याला जड. थॉर्नने तिला शिकवलं आणि सहा पौंडांची हलकी बंदूक बनवून दिली. त्यानंतर तिने लंडन जिंकलं. जगातल्या सगळ्यात नामांकित नेमबाज बाईलाही आपल्या मापाची बंदूक हातात येईपर्यंत थांबावं लागलं, ही गोष्ट मी रात्री भाचीला सांगितली. ती शाळेत धनुर्विद्या शिकते. म्हणाली, “मामा, आमच्याकडे सगळ्यांना एकच धनुष्य देतात.” स्टोनब्रिजला आज मोठा हमरस्ता, गोदामं आणि उंच इमारती आहेत. डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ इथून फार लांब नाही.

शुक्रवार : प्रेस्टन रोड आणि त्यापलीकडे

ताईच्या घराजवळच प्रेस्टन रोड स्टेशन. आज बाहेर फरसाणाची दुकानं, साड्या, गुजराती पाट्या. हे स्टेशन १९०८ च्या मे महिन्यात सुरू झालं ते शेजारच्या अक्सेंडन शूटिंग स्कूलसाठी. त्या वर्षीच्या लंडन ऑलिंपिकमधली मातीच्या तबकड्यांवरची नेमबाजी तिथे झाली. तोवर लंडन वायव्येला इथपर्यंत सरकलं नव्हतं. पुढे मेट्रोपॉलिटन रेल्वेने घरांची वसाहत पसरवली आणि हेही रान गेलं. ताई कित्येक वर्षं या स्टेशनातून ये-जा करते. तिला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक व्हावं असं काही तिथे लिहिलेलंही नाही.

तबकडीचीही एक हकीकत आहे. जिवंत कबुतराला पर्याय म्हणून आधी काचेचे गोळे आले, आत पिसं भरलेले. अमेरिकन ॲडम बोगार्डसने १८७०च्या दशकात ते इंग्लंडात लोकप्रिय केले. फुटले की पिसं उडायची, पण काचा शेतात पडायच्या. सिनसिनाटीच्या लिगोव्स्कीने १८८० मध्ये भाजलेल्या मातीची तबकडी काढली. ती हवेत सरळ तरंगत जाते, काचेच्या गोळ्यासारखी टप्पकन खाली येत नाही. बंदूकवाल्यांना हे वरदान ठरलं. तबकड्या उंच मनोऱ्यावरून सोडून उडत्या पक्ष्यांचा सराव बारा महिने देता येऊ लागला. बंदुका तपासायची जागा आता शिकवायची शाळाही झाली.

दुपारी शहराच्या वायव्य कडेवरच्या, अजून चालू असलेल्या एका मैदानावर आधी वेळ ठरवून गेलो. हॉलंड १९३०च्या सुमारास केन्सल राइजहून नॉर्थवुडला आले, वेस्ट लंडन शूटिंग स्कूल १९०१ पासूनचं, आता नॉर्थोल्टपाशी. दोन्ही अजून चालू आहेत. मी गेलो तिथे एका म्हाताऱ्या शिक्षकाने मला हवं तेच दाखवलं. लोखंडाचा भलामोठा पत्रा, चुन्यासारख्या पांढऱ्या रंगाने माखलेला, मधे काळा ठिपका. ४० यार्डांवर उभं राहून त्याने एक बार काढला. पत्र्यावर करड्या ठिपक्यांची नक्षी उमटली, ओल्या रंगात प्रत्येक छऱ्याची गोल खळी स्पष्ट. त्याने दोरीला बांधलेल्या खडूने ३० इंचांचं वर्तुळ काढलं आणि बोटाने मोजायला सुरुवात केली. सहा नंबरच्या छऱ्यांचे एका औंसात सुमारे २७० दाणे बसतात. सरळ नळीने ४० टक्के वर्तुळात लागले तर ठीक, पूर्ण आवळलेल्या नळीकडून ७० टक्क्यांची अपेक्षा. नुसता आकडा पुरत नाही, हे त्याने बोट फिरवून दाखवलं. खालच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी मोकळी जागा राहिली होती. एवढ्या फटीतून पक्षी सुटतो, तो म्हणाला. मग मोठ्या ब्रशने पत्रा पुन्हा पांढरा केला. वॉल्शच्या चाचण्यांत हाच हिशोब कागदावर होत असे.

नंतर ‘ट्राय गन’ दाखवली. १८८०च्या दशकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमला निघालेली ही बंदूक बिजागऱ्या आणि स्क्रूंनी जोडलेली आहे. दस्ता लांब-आखूड, वर-खाली, डावीउजवीकडे करता येतो. १६ यार्डांवर पत्र्याकडे नेम न धरता झटकन झाडायची. नेम एक इंच डावीकडे गेला तर दस्ता एक-सोळांश इंच उजवीकडे वळवायचा. चार-पाच बारांनंतर शिक्षकाने माझ्या गालाची जागा, खांद्याचा उतार, डोळ्यांतलं अंतर, सगळं कागदावर टिपलं. शिंपी माप घेतो तसंच. फरक एवढाच की इथे माप घ्यायला रान लागतं.

शनिवार : बिस्ली

वॉटर्लूहून ब्रुकवूडची गाडी पकडली. तास लागत नाही. व्हिक्टोरियन काळातलं प्रचंड ब्रुकवूड कबरस्तान स्टेशनच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूने थोडं चाललं की बिस्ली. विम्बल्डन सोडल्यावर असोसिएशन इथे आली. सरेच्या या भागात हलकी वाळूची जमीन, झुडपी माळ आणि मागे टेकडीचा आधार. शेतीला कुचकामी, म्हणून घरांच्या विळख्यातून वाचलेली. १८९० च्या जुलैत प्रिन्सेस ऑफ वेल्सने पहिली गोळी झाडली. विम्बल्डनच्या काही लाकडी इमारती उचलून इथे आणल्या गेल्या. ब्रुकवूडहून छावणीपर्यंत छोटी आगगाडी होती, ती १९५२ मध्ये बंद झाली. लाकडी खांब, पत्र्याची छपरं, पांढरे व्हरांडे असे क्लबांचे बंगले रस्त्याकडेला अजून आहेत. पाचगणी-माथेरानचा माणूस इथे आला तर त्याला ओळखीचं वाटेल.

सेंच्युरी मैदानावर शंभराहून जास्त निशाणं एका रांगेत. शनिवार असल्यामुळे निम्म्याहून अधिक चालू होती. निशाणामागच्या खंदकात माणसं बसतात. गोळी लागली की चौकट खाली ओढतात, भोकावर खूण लावतात, पुन्हा वर करतात. वर एक झुडूपही नसलेला तो मातीचा बांध आणि वाऱ्यावर फडफडणारे झेंडे. शेजारच्या स्टिकलडाउनवर १००० यार्डांच्या पुढेही झाडतात. एवढ्या पल्ल्यावर वाऱ्याने गोळी कित्येक फूट सरकते. एक बाई दुर्बिणीतून बराच वेळ नुसती हवा बघत होती. उन्हात हवेच्या लहरी कुठल्या बाजूला पळतात, त्यावरून वारा ओळखतात. दोन-अडीच मिनिटं थांबून तिने एक बार काढला. निशाण खाली गेलं, वर आलं, मधोमध खूण.

मी मात्र बिस्लीला आणखी एका कारणासाठी आलो होतो. २००२ ची राष्ट्रकुल स्पर्धा मँचेस्टरला झाली, पण नेमबाजी इथे, बिस्लीला. अंजली वेदपाठक-भागवतने त्या वेळी चार सुवर्णपदकं मिळवली. एअर रायफलच्या जोडीत तिच्याबरोबर सुमा शिरूर होती. मुंबईच्या वरळी रेंजवर सराव केलेल्या या मुली, विम्बल्डनहून आलेल्या लाकडी बंगल्यांच्या सावलीत जिंकल्या. त्या स्पर्धेसाठी बांधलेलं लॉर्ड रॉबर्ट्स सेंटर मी आत जाऊन बघितलं. तिथल्या कार्यकर्त्याला मी भारतातून आलोय म्हटल्यावर त्याने आपणहून अंजलीचं नाव घेतलं, आणि “फार शांत मुलगी होती” असं म्हणाला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बंगल्यांच्या मधे असोसिएशनचं संग्रहालय आहे. व्हिटवर्थ, स्नायडर, मार्टिनी-हेन्री, ली-मेटफर्ड अशा क्रमाने रायफली लावल्या आहेत. एका दालनात पाऊण तास गेला. कुणाला जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत जाऊ नका. मैदान ओस असतं. शनिवार-रविवार बघा, किंवा सरळ जुलै. तेव्हा राजाच्या (पूर्वी राणीच्या) बक्षिसाच्या स्पर्धा चालू असतात. ब्रुकवूडहून चालत जायचं तर पावसाळी बूट हवेत. संग्रहालय उघडं आहे का, हे निघायच्या आधी फोन करून विचारा.